बाकी नेहमीप्रमाणे

ऑफिसात त्यांना बांधकाममंत्री म्हणत. वास्तविक साऱ्या आयुष्यात त्यांनी एका विटेवर दुसरी वीट ठेवलेली नव्हती. एकदा घरी भिंतीत खिळा ठोकायला गेले, तेव्हा खिळा हातात राहिला आणि भिंतीचा पोपडा खाली आला. त्या जागी आता कॅलेंडर लटकतं, तेही शेजाऱ्यांनी ठोकून दिलेल्या खिळ्यावर. पण ऑफिसातली बांधणी वेगळी. शाळांची वेळापत्रकं तयार करणारा एक प्रोग्राम, हे त्यांच्या कंपनीचं एकुलतं एक अपत्य. प्रोग्राम लिहिला की तो चालू लागतो असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. कापड आणलं म्हणजे सदरा झाला, असं समजण्यातलाच तो प्रकार. लिहिलेल्या मजकुराची आधी बांधणी करावी लागते. त्यात कॉम्प्युटरच्या जाती तीन: सगळ्यांकडे असतो तो, श्रीमंतांकडे असतो तो आणि हट्टी माणसांकडे असतो तो. तिघांचं आपसांत विळ्याभोपळ्याचं नातं. एकाला चालतं ते दुसऱ्याला चालत नाही, आणि तिसऱ्याला काय चालतं हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. शाळांनी मात्र तिन्ही जाती घेऊन ठेवलेल्या. त्यामुळे दर सत्राला, शाळा उघडायच्या तोंडावर, नवी आवृत्ती तिघांसाठी तीनदा बांधून द्यावी लागे. हे काम मंत्री करत, आणि एकटेच करत. दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं. खरं सांगायचं तर, दुसऱ्या कोणाला येत नाही ही गोष्ट मंत्र्यांना मनातून फार आवडायची.

आवडायची, पण तिची किंमत घरचे मोजत. मुलगी शाळेच्या संमेलनात नाचली तेव्हा मंत्री बांधणीवर होते. ती पदवी घ्यायला व्यासपीठावर चढली तेव्हा मंत्री बांधणीवर होते. तिच्या लग्नाला ते हजर होते, नाही असं नाही, पण हजर म्हणजे कार्यालयामागच्या सामानाच्या खोलीत, लॅपटॉप खुर्चीवर आणि स्वतः जमिनीवर. कुटुंबाचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा तिकडे श्रीमंतांच्या कॉम्प्युटरची बांधणी अर्ध्यावर होती. त्या फोटोत व्याही, विहीणबाई, आत्या, मामा, एवढंच काय, कोणाच्याच ओळखीचा नसलेला एक जाडा गृहस्थही आहे. मुलीचा बाप तेवढा नाही.

आता ती मुलगी बाळंत होणार होती. ती दूरच्या गावी राहायची. एक दिवस तिचा फोन आला.

"बाबा, तुमची पुढची बांधणी कधी आहे तेवढं सांगून ठेवा," ती म्हणाली. "म्हणजे डॉक्टरांना विचारून बाळाला थोडं मागेपुढे करता येतंय का बघते."

मंत्री हसले. पलीकडून कोणी हसलं नाही. नेमकी बांधणी आणि नेमकं बाळ, दोन्ही एकाच आठवड्यात येत होती. फोन ठेवल्यावर, या वेळी जायचंच, मग आकाश कोसळो, असं मंत्र्यांनी मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांसमोर उभे राहिले. साहेब त्यांच्यापेक्षा बरेच लहान, आणि जगातली प्रत्येक गोष्ट सिंपल असते या मताचे.

"सिंपल आहे," साहेब म्हणाले. "रजा घ्या. पण बांधणी कशी करायची ते लिहून ठेवा. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाला तो कागद वाचून तिन्ही बांधून दाखवता आलं पाहिजे. तुम्ही मध्ये एक शब्द बोलायचा नाही. दाखवलं, की तुम्ही मोकळे."

"सूचना लिहिलेल्या आहेतच साहेब. जरा अद्ययावत केल्या की झालं. अर्ध्या तासाचं काम."

या वाक्याबद्दल पुढे मंत्र्यांनी स्वतःला पुष्कळ शिव्या दिल्या.

ज्याला ओ की ठो कळत नाही असा माणूस म्हणून साहेबांनी हिशेबबाईंना नेमलं. त्या कंपनीचं हिशेबखातं सांभाळत, म्हणजे त्याच हिशेबखातं होत्या. बाई अत्यंत सरळ, आणि सरळ माणसाइतका त्रास वाकड्या माणसाचा होत नाही. लिहिलंय तेवढंच करायचं आणि लिहिलं नाही ते मेलं तरी करायचं नाही, या एका तत्त्वावर त्यांची सगळी नोकरी उभी होती.

मंत्र्यांनी जुनी सूचनांची फाइल उघडली. ती त्यांनीच कधीतरी लिहिली होती आणि नंतर उघडण्याचं कारण पडलं नव्हतं. फाइलमध्ये तीन ओळी होत्या. पहिली: नवा मजकूर फोल्डरमध्ये आणावा. दुसरी: बांधणीचा हुकूम द्यावा. तिसरी: बाकी नेहमीप्रमाणे.

मंत्री त्या तिसऱ्या ओळीकडे बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि 'नेहमीप्रमाणे'मध्ये काय काय येतं ते आठवून लिहून काढलं. चांगली दोन पानं झाली. वाचून त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

पहिली परीक्षा कागद उघडल्याबरोबर अडली. बांधायची अवजारं, म्हणजे मजकुराचा प्रोग्राम करणारे आणखी काही प्रोग्राम, बाईंच्या कॉम्प्युटरवर बसवायला हवी होती, आणि त्याला सुरक्षा विभागाची परवानगी लागे. सुरक्षा विभाग म्हणजे तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत बसणारे एक गृहस्थ. ते कधी हसल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं.

"हिशेब विभागाला प्रोग्राम बांधायची गरज काय?" त्यांनी विचारलं.

"तशी गरज नाही. ही एक परीक्षा आहे."

"गरज नाही तर परवानगी कशी देणार?"

"बरं, गरज आहे असं समजा."

"मी समजून काय उपयोग? हिशेब विभागाच्या प्रमुखांनी तसं लिहून द्यायला हवं."

प्रमुख म्हणजे पुन्हा हिशेबबाईच. मंत्री जिने चढून धापा टाकत त्यांच्याकडे आले.

"पण मला गरज नाहीये," बाई म्हणाल्या. "मी खोटं कसं लिहून देऊ?"

"बाई, मला माझ्या मुलीकडे जायचंय हो."

"जा ना. मी कुठे अडवलंय?"

शेवटी साहेबांनी मध्ये पडून 'सदर विभागास भविष्यात गरज भासण्याची शक्यता नाकारता येत नाही' असं वाक्य सुचवलं. शक्यता कसलीच नाकारता येत नसल्यामुळे बाईंना ते पटलं, आणि आठवडाभराने अवजारं बसली.

मग खरी सुरुवात झाली. मंत्री शेजारच्या खुर्चीवर, तोंड बंद, हात मांडीखाली. बाईंनी पहिली सूचना मोठ्याने वाचली आणि थांबल्या. सूचनेत फोल्डरच्या पत्त्यात मंत्र्यांचंच नाव होतं, कारण त्यांच्या कॉम्प्युटरवर तसं होतं. बाईंनी क्षणभर विचार केला आणि आपल्या कॉम्प्युटरवर मंत्र्यांच्या नावाचं फोल्डर उघडलं. हिशेबखात्यात परपुरुषाच्या नावाचं घर झालं म्हणून ऑफिस दिवसभर हसत होतं. मंत्र्यांनी ते गिळलं. चौथी सूचना अशी होती, की अमुक पत्त्यावर जाऊन तिथे पहिला दिसेल तो जोड प्रोग्राम उतरवून घ्यावा. बाई त्या पत्त्यावर गेल्या. बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत होत्या.

"मंत्री," त्या म्हणाल्या, "हे माझं माप विचारतंय."

ज्या सद्गृहस्थाने तो जोड प्रोग्राम फुकट वाटला होता, त्याने मधल्या काळात जग सुधारण्याचा नाद सोडून तो पत्ता विकून टाकला होता. आता तिथे बुटांचं दुकान होतं. सूचनेत लिहिल्याप्रमाणे बाईंनी पहिला दिसला तो जोड निवडला होता, तपकिरी रंगाचा, आणि मापासाठी अडल्या होत्या. मंत्र्यांनी तोंड उघडायचं नाही असं ठरलेलं असल्यामुळे ते नुसतेच हातवारे करू लागले. बाईंनी त्याचा अर्थ "मोठं माप घ्या" असा लावला. मग मात्र मंत्री ओरडले आणि परीक्षा रद्द झाली.

त्या संध्याकाळी मंत्री घरचा जिना तोंड पाडून चढत होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी त्यांना पकडलं. वकीलसाहेब निवृत्त होते. निवृत्त वकिलाकडे सल्ले उरलेले असतात आणि अशील उरलेले नसतात, म्हणून तो जिन्यात उभा राहतो.

"दाखवा बघू कागद," ते म्हणाले. दारातच चष्मा लावून त्यांनी दोन्ही पानं वाचली आणि मान हलवली. "हा काय मजकूर आहे? हा तर प्रेमपत्रासारखा आहे. 'मग हे करावं, मग ते बघावं.' अहो, मग म्हणजे कधी? बघावं म्हणजे कोणी? उद्या ती बाई कोर्टात गेली तर तुम्ही उघडे पडाल."

"ती कोर्टात कशाला जाईल?"

"सगळे हेच म्हणतात," वकीलसाहेब खिन्नपणे म्हणाले.

बुडत्याला काडीचा आधार, त्याप्रमाणे मंत्र्यांनी कागद त्यांच्या हवाली केला. परत आला तेव्हा दोनाची अकरा पानं झाली होती. सुरुवातच अशी होती: 'सदर फोल्डर, ज्याचा उल्लेख यापुढे केवळ फोल्डर असा करण्यात येईल, ते अस्तित्वात असल्याची खातरजमा वापरकर्त्याने स्वखुशीने व कोणाच्याही दबावाविना करावी.' मंत्र्यांना हे भारदस्त वाटलं. आपल्या कामाला इतके दिवस हवा होता तो मान हाच, असंही क्षणभर वाटून गेलं.

दुसऱ्या परीक्षेत बाईंनी अकराही पानं आधी शांतपणे वाचली आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या.

"एंटर दाबा ना," साहेब म्हणाले.

"नाही दाबणार. इथे लिहिलंय, एंटर दाबल्याने उद्भवणाऱ्या सर्व परिणामांची जबाबदारी दाबणाऱ्यावर राहील. मला पेन्शनला थोडीच वर्षं राहिलीत."

तीही परीक्षा रद्द. साहेब म्हणाले, "सिंपल लिहा हो." ते इतक्या सहज म्हणाले, की मंत्र्यांना त्यांचा गळा धरावासा वाटला. आणि मंत्र्यांनी खरंच सिंपल लिहिलं. दुखावलेला माणूस सिंपल लिहितो तसं लिहिलं. खुर्चीवर बसा. पाठ टेका. कॉम्प्युटर सुरू करायचं बटण दाबा. बोट उचला. तिसऱ्या परीक्षेला बाईंनी पहिली ओळ वाचली, चष्मा काढला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मला खुर्चीवर बसता येतं, मंत्री," त्या म्हणाल्या.

त्यांची समजूत घालण्यात उरलेला दिवस गेला. मंत्र्यांनी माफी मागितली, शिवाय खालच्या उपाहारगृहातून कॉफी आणून दिली. मग मान खाली घालून त्यांनी चौथ्यांदा लिहायला घेतलं. या वेळी भारदस्तपणा नाही आणि टोमणाही नाही, करायचं ते सरळ आणि ओळीने. इकडे बाळ जवळ येत होतं. मुलीचे फोन आता आईला येत, बाबांना नाही.

चौथ्या परीक्षेला, सगळ्यांकडे असतो त्या कॉम्प्युटरवर, बाईंनी सगळं बिनचूक केलं. म्हणजे अगदी पहिल्या खेपेला एका जागी अक्षर चुकलं आणि बांधणी मोडली, ते राहू द्या. ते कोणाचंही होतं. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, एकेक अक्षर बोटाने ताडून पाहिलं, एंटर दाबलं आणि स्क्रीनवर लाल अक्षरांचा पूर आला. पुन्हा केलं, पुन्हा पूर. शेवटी साहेब म्हणाले, "मंत्री, तुम्ही बसा. याच कागदावरून करा."

मंत्री बसले. तोच कॉम्प्युटर, तोच कागद, त्याच ओळी. बांधणी निमूटपणे झाली.

बाई पुन्हा बसल्या. लाल पूर. मंत्री बसले. झाली. बाई बसल्या. पूर. हट्टी माणसांच्या कॉम्प्युटरवर तेच, श्रीमंतांच्या कॉम्प्युटरवर तेच. आता सगळं ऑफिस भोवती गोळा झालं होतं, आणि गलक्यात कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. कोणी म्हणालं, हाताचा गुण असतो. कोणी म्हणालं, खुर्ची खालीवर करून बघा. जिन्याखालचे सुरक्षा विभागही वर येऊन गेले आणि काही न बोलता सगळ्या वायरी एकदा हलवून गेले.

"हातगुण रजेवर पाठवता येत नाही, मंत्री," साहेब म्हणाले, आणि या वेळी ते सिंपल आहे असं म्हणाले नाहीत.

मंत्र्यांची त्या दिवशीची अवस्था सांगायची तर फार वाईट होती. आपला हात लागल्याशिवाय काही होत नाही हे चारचौघांत सिद्ध झालं, याचा एक बारीकसा आनंद त्यांना होत होता, आणि त्या आनंदाची त्यांना लाज वाटत होती. मुलीला काय सांगायचं? बाळाचा आजोबा हातगुणामुळे येऊ शकत नाही?

घरी आले तर बायको बॅग भरत होती. तिचं दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं होतं. पलंगभर कपडे, झबली, दुपटी पसरलेली.

"तुमचं काय ते तुम्ही बघा," ती म्हणाली. "मी पोरीला सांगितलंय, मी येते. बाबांचं काही खरं नाही."

मंत्री कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले, घरचा कॉम्प्युटर सुरू केला आणि कागद समोर ठेवून पुन्हा पहिल्या ओळीपासून बांधणी करू लागले. काय चुकतंय ते कळत नव्हतं. एकदा झाली. पुन्हा केली. पुन्हा झाली. तिसऱ्यांदा करायला लागले, तेव्हा मागे धप्पकन आवाज आला. बायकोने हातातली साडी बॅगेत आपटली होती.

"चाललेच आहे मी! तीनतीनदा सांगायला नको."

मंत्री वळले. "काय सांगितलं मी?"

"वर मलाच विचारा. मघापासून ऐकतेय. 'जा बाई एकदाची, जा बाई एकदाची.' इतका जाच होत असेल तर कालच जायला हवं होतं मी."

"मी असं म्हणालो? छे. मी तोंडसुद्धा उघडलेलं नाही."

"मग भिंत बोलली का? संसार होऊन एवढी वर्षं झाली, तुमचा आवाज मला कळत नाही? आजचं नाही ते. दर बांधणीला म्हणता. लग्नात त्या सामानाच्या खोलीत बसला होतात तेव्हाही म्हणत होतात. विहीणबाई दारातून ऐकून परत फिरल्या. मी त्यांना सांगितलं, यांची तब्येत बरी नाही."

विहीणबाई आजवर आपल्याशी तुटक का वागतात याचा खुलासा झाला, पण तो बाजूला ठेवून मंत्री म्हणाले, "मी कधी म्हणतो ते? नेमकं केव्हा?"

"आता तेही मीच सांगू?" असं म्हणत बायको आली आणि त्यांच्या खुर्चीमागे कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "करा. मी बघते."

मंत्र्यांनी सुरुवात केली. पहिली ओळ. दुसरी ओळ.

"थांबा! हा बघा, आत्ता म्हणालात. आणि हा डावा हात काय करतोय?"

मंत्र्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं. तो हात त्यांचाच होता, पण तिथे काय करत होता याची त्यांना कल्पना नव्हती. त्याची दोन बोटं आपल्या मनाने दोन कळांवर गेली होती आणि स्क्रीनवरचं एक फोल्डर नाहीसं झालं होतं.

मागच्या बांधणीचा चुरा त्या फोल्डरमध्ये साठतो. तो चुरा राहिला, की नवी बांधणी त्यात अडखळून पडते. कधीकाळी मंत्री या एका गोष्टीपायी नाकी नऊ येईपर्यंत भांडले होते. मग त्यांनी सवय लावून घेतली: बांधणीआधी चुरा पुसायचा. सवय इतकी अंगात मुरली, की डोक्यातून पार निघून गेली. डावा हात पुसत होता, तोंड त्या चुऱ्याला निरोप देत होतं, आणि मंत्र्यांना दोघांचाही पत्ता नव्हता. हिशेबबाई बसत तेव्हा आधीच्या बांधणीचा चुरा, मग ती त्यांची मोडलेली असो की मंत्र्यांची जमलेली, तसाच पडून असे, आणि त्यांनी कितीही बिनचूक केलं तरी ते त्या चुऱ्यावर पडत होतं.

"हे कागदावर आहे का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग लिहा. आणि 'जा बाई' लिहू नका."

मंत्र्यांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी बायको गेली आणि मंत्री पाचव्या परीक्षेला बसले. सगळ्यांकडे असतो तो कॉम्प्युटर बांधला गेला. हट्टी माणसांचाही थोडी कुरकुर करून बांधला गेला. राहिला श्रीमंतांचा. त्याला बांधून भागत नाही. हे कोणी बांधलंय त्याची त्याला खूण पटवावी लागते, आणि ती खूण कंपनी स्थापन करणाऱ्या थोरल्या साहेबांच्या नावावर होती. थोरले साहेब निवृत्त होऊन घरी बसले होते, पण खुणेचा आकडा अजून त्यांच्याच फोनवर जाई. तो नंबर बदलायचा तर थोरल्या साहेबांनी समक्ष कुठेतरी जाऊन सही करायला हवी होती, आणि त्यांचा गुडघा त्यांना जाऊ देत नव्हता. म्हणून मंत्री दर बांधणीला त्यांना फोन करत. हेही त्यांनी आता कागदावर नीट उतरवलं होतं: 'फोन नाश्ता झाल्यावर करावा. प्रथम गुडघ्याची चौकशी करावी. आकडा लगेच मागू नये. ते कंपनीचे जुने दिवस सांगतील ते ऐकावेत. चष्मा सापडेपर्यंत फोन ठेवू नये.'

बाईंनी सगळं तस्सं केलं. गुडघ्याची चौकशी तर त्यांनी इतकी मनापासून केली, की थोरले साहेब म्हणाले, हा मंत्री नुसता विचारल्यासारखं करायचा. आकडा मिळाला. बांधणी झाली. साहेबांनी रजेच्या अर्जावर सही केली आणि म्हणाले, "बघा, सिंपल होतं."

मंत्री लेकीच्या गावी पोहोचले तेव्हा तिला दवाखान्यात नेलेलं होतं. त्यांना दारात बघून तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"मी यांना सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली, "बाबांची वाट बघू नका म्हणून."

तिला कळा येत होत्या, त्यामुळे तो विषय तिथेच राहिला. सकाळी नात झाली. गोरीपान, कपाळाला आठ्या घालून आलेली. सगळे रडले. बायको रडली, जावई रडला, जावयाचे वडीलसुद्धा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. विहीणबाईंनी नातीला आणून मंत्र्यांच्या हातात दिलं. मंत्री तिच्याकडे बघत हसत होते, पण त्यांचं अर्धं लक्ष शर्टाच्या खिशाकडे होतं. ऑफिसात आज खरी बांधणी होती. बाई आता पहिल्या कॉम्प्युटरशी बसल्या असतील. आता अडल्या असतील. आता फोन येईल. त्यांनी पाळणा हलवला, कोणाकोणाचे फोन घेतले, नर्सने सांगितलं म्हणून खुर्ची उचलून दोनदा जागा बदलली. फोन आला नाही. दुपार टळली तेव्हा त्यांना राहवेना. मुलगी डोळे मिटून पडली होती, बायको जावयाबरोबर घरी गेली होती. मंत्र्यांनी खिडकीशी जाऊन हळूच फोन लावला.

"बाई, कुठे अडलंय का?"

"अडायला काय झालं?" हिशेबबाई पलीकडून म्हणाल्या. "सकाळीच झाली. तिन्ही. शाळांना पाठवूनसुद्धा दिली. साहेबांना वाटलं तुम्हाला कळवावं, पण मीच म्हटलं, नका, त्यांच्या घरी आज आनंदाचा दिवस आहे. काय झालं, मुलगा की मुलगी?"

"नात."

"अभिनंदन हो! आणि मंत्री, एक विचारू? रागावू नका. एवढंच होतं, तर आधीच लिहून का नाही दिलंत? मी केव्हाही केलं असतं. इतकी वर्षं उगाच एकट्याची ओढाताण करून घेतलीत."

कधीही करता आलं असतं. संमेलनाच्या वेळी करता आलं असतं. पदवीच्या वेळी करता आलं असतं. त्या फोटोच्या वेळीही बाई तिथे पंगतीत जेवत होत्या, त्यांना नुसती हाक मारायची होती. मंत्र्यांना तो फोटो दिसला, त्यातला तो अनोळखी जाडा माणूस दिसला. "ठेवतो," एवढंच ते म्हणाले आणि फोन खिशात टाकला. मग खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले.

"बाबा," मागून मुलीचा आवाज आला. ती जागी होती. "काय म्हणाले ऑफिसातले?"

"काही नाही. सगळं नीट झालं म्हणाले."

"मग रडताय कशाला?"

मंत्र्यांनी घाईघाईने डोळे पुसले. "अगं, नात झाली ना," ते म्हणाले. "आनंद होतो माणसाला."

मुलीने हात लांबवून पाळण्यातलं दुपटं सारखं केलं.

"नात सकाळी झाली, बाबा," ती म्हणाली.